किरकोळ रजा

डलूथच्या वाचनालयात मी संध्याकाळची पाळी करते.
परत आलेली पुस्तकं उलटी धरून झटकायची.
पडतात बसची तिकिटं, केस,
एकदा तर बटाट्याचा वाळका काप.
आणि पेन्सिलीच्या खुणा असतील तर खोडायच्या.
खोडरबर वाचनालयाचं, मनगट माझं.

हे पुस्तक जाड. मुखपृष्ठावर लांडगा, चंद्र
आणि सतरा वर्षांची मुलगी, जिला तिसऱ्या प्रकरणात
चांदीच्या डोळ्यांचा शामन भेटतो.
सातव्यात ती स्वतःच शामन झालेली असते.
चार प्रकरणांत!
आमच्याकडे शिवणकामाच्या परीक्षेलासुद्धा
याहून जास्त वेळ लागायचा.

शामन. पहिला काना काढला की शमन.
मग भूक शमते, ताप शमतो,
शेजारणींचं भांडणही शमतं उन्हं कलल्यावर.
इथे काहीच शमत नाही.
शेवटच्या पानावर छापलंय : भाग दुसरा, येत्या वसंतात.

समासात बारीक, तिरकं अक्षर.
'ढोल असा पाठीला टांगून कुणी पळत नाही.'
'लांडगा बोलतो, ठीक. पण इतकं?'
'हा शब्द आमचा नाहीच.'
आणि पान दोनशे अकरा, जिथे शामन मरतो
(तो मरतोच, मुलीला पुढे जायचं असतं),
तिथे पेन्सिल दाबून, कागद फाटेल इतकी :
'माझा काका जिवंत आहे.
रात्री बर्फ ढकलणारा ट्रक चालवतो.'

कार्ड डार्सी बेलँजरच्या नावावर.
ओळखते मी तिला. बोटं कापलेले जांभळे हातमोजे,
पाच पुस्तकं नेते, चार परत आणते.
तिचा काकाही येतो कधी, हिटरपाशी उभा राहतो.
ओजिब्वे माणूस, कमी बोलणारा,
बुटांचं पाणी पायपुसण्यावर नीट निथळू देणारा.

खोडरबर हातात घेतलं आणि चैत्या भोये आठवला.

जव्हारकडे, बाबांच्या शाळेत शिपाई.
वर्षातून तीनदा किरकोळ रजा मागायचा.
कारणाच्या रकान्यापाशी बाबांचं पेन थांबायचं.
'काय लिहू रे?'
'वारं येतं, गुरुजी.'
बाबा विज्ञान शिकवायचे. अंगात येणं, भगत, भुताटकी
असं सगळं फळ्यावर लिहून वर फुली मारायचे,
खडू तुटेस्तोवर.
आणि त्या रकान्यात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहायचे :
पोटदुखी.
दर वेळी पोटदुखी. एकवीस वर्षं.
साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले,
याला एकदा दाखवा कुणाला तरी.

तीन रात्री घांगळी वाजवून चैत्या चौथ्या दिवशी यायचा,
डोळे तांबडे, बोटं सोललेली,
आणि दहा पस्तीसची घंटा दहा पस्तीसलाच द्यायचा.
मी विचारलं होतं एकदा, वारं आलं की काय दिसतं?
म्हणाला, वर्गात जा,
बाई हजेरी घेतायत.

माझ्यासमोर आता नुकसानीचा तक्ता.
पाणी, फाटणं, कुत्रा, लिखाण :
योग्य चौकटीत खूण करा.
बाबा, तुमच्या अक्षरात नाही जमलं.
इंग्रजीत लिहिलं, काही नाही.
आणि पुस्तक किशोरांच्या फळीवर परत ठेवलं,
लांडगा बाहेर दिसेल असं.

नोव्हेंबर उलटला. तळ्याच्या काठाला बर्फ धरू लागला.
पुस्तक दोनदा जाऊन आलं.
दोनशे अकराव्या पानावर आता हिरवी शाई,
गोल गोल, दुसऱ्याच कुणाची :
'मग खरं काय असतं?'
आणि खाली, ते बारीक, तिरकं :
'तुझी बस चुकेल.'

मी हसले एकटीच.
बंदरात लोहखनिजाचं जहाज भोंगा देत होतं
आणि पूल त्याला उत्तर देत होता, नेहमीसारखं,
एक लांब, दोन आखूड.
तळ्यावरून वारं आलं.
दार आपोआप उघडलं. कुणी नव्हतं.
थोडा वेळ उघडंच राहिलं.
मग मिटलं,
आणि मी पुढचं पुस्तक झटकायला घेतलं.